बालरुग्ण वॉर्डात नवीन रुजू झालात? संसर्ग दारातच ओळखायचा तो असा

लहान मुलांच्या वॉर्डात पहिल्यांदा ड्यूटी लागली की नवीन सिस्टर-ब्रदरना भीती वाटते ती शीर न सापडण्याची. एवढासा हात, त्यात दोऱ्याएवढी शीर, आणि उशाशी आई रडत उभी. ही भीती महिन्या-दोन महिन्यांत जाते, हात बसतो. जी भीती वाटायला हवी ती मात्र कुणाला फारशी वाटत नाही. जुलाबासाठी आलेलं बाळ जाताना न्यूमोनिया घेऊन जातं. हात मोडला म्हणून दाखल केलेला मुलगा घरी जाऊन पंधरा दिवसांनी गोवराने फणफणतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तोवर त्याची खाट तीनदा भरून तीनदा रिकामी झालेली असते.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आपली नेहमीची सरकारी आणि महापालिकेची रुग्णालयं आहेत. तीस खाटा, पावसाळ्यात चाळीस-पंचेचाळीस मुलं, एका खाटेवर दोन-दोन, आणि ‘आयसोलेशन’ अशी पाटी असलेल्या खोलीत मोडक्या व्हीलचेअर आणि सलाईनची खोकी. तासाला बारा वेळा हवा बदलणारी खोली तुम्ही पुस्तकात वाचली असेल. मिळाली तर उत्तमच. नसली तरी बरंच काही आपल्या हातात असतं.

पायरी पहिली: दारातली दोन मिनिटं

केसपेपर हातात येतो तेव्हा त्यावर ‘ताप’, ‘खोकला’, ‘गॅस्ट्रो’ एवढंच लिहिलेलं असतं. रक्ताचा रिपोर्ट उद्या, घशाचा स्वॅब परवा. पण खाट आत्ता द्यायची आहे. निदान डॉक्टर करतील, मूल कुठे झोपणार हे मात्र निदानाच्या आधी ठरतं आणि रात्री अकरा वाजता ते बहुधा तुम्हीच ठरवता. मुलांच्या वॉर्डातला संसर्ग आवरायचा तो इथेच. रिपोर्टची वाट पाहत बसलात तर उशीर झालाच म्हणून समजा.

हे मला कसं कळलं ते सांगते. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी नाईटला एक दीड वर्षाचा मुलगा आला. ताप, खोकला, नाक गळतंय. केसपेपरवर ‘व्हायरल’. मी त्याला मधल्या रांगेत, नळाजवळची खाट दिली, कारण आईला पाणी जवळ पडावं. डोळे लाल होते, पाणी येत होतं. ओल्या कापसाने मीच पुसले. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला माहिती देताना, म्हणाले, ‘ताप चालू, बाकी ठीक.’ दोन दिवसांनी कानामागे पुरळ दिसलं, संध्याकाळपर्यंत चेहऱ्यावर आणि छातीवर उतरलं. गोवर. पुढच्या दोन आठवड्यांत त्याच रांगेतली तीन मुलं पुरळ घेऊन परत आली, त्यातलं एक नऊ महिन्यांखालचं, म्हणजे लस घ्यायच्याही वयाचं नव्हतं. ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे या चार गोष्टी माझ्यासमोर होत्या आणि मी त्या पुसून टाकल्या.

गोवराचं मूल पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळ आल्यानंतर चार दिवसांपर्यंत रोग पसरवतं. म्हणजे दिसायला लागतो तोवर अर्धं काम झालेलं असतं. मूल खोलीतून निघून गेलं तरी विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. त्यामुळे संशय हाच आपला रिपोर्ट.

दारात काय बघायचं? आधी मुलाचे कपडे काढा. थंडी वाजते म्हणून आईने तीन थर घातलेले असतात, त्याखाली काय आहे कुणी बघितलेलंच नसतं. कानामागे, केसांच्या कडेला, पोटावर, तळहात-तळपायांवर, बोटांच्या बेचक्यांत बघा. बेचक्यांतली खाज आणि रात्री वाढणारी खाज म्हणजे खरूज. टॉर्च घेऊन तोंडात बघा. गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, लाल झालेल्या जागेवर मिठाच्या खड्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर गोवर येतोय. टॉन्सिलवर राखाडी, चिकट पापुद्रा आणि मान सुजलेली असेल तर खरवडून बघण्याच्या भानगडीत पडू नका, डॉक्टरांना तिथल्या तिथे उठवा. घटसर्पात अँटीटॉक्सिन जितकं लवकर तितकं चांगलं, सकाळच्या राऊंडची वाट बघायची नसते.

मग विचारा. ‘लसी झाल्यात का?’ असं विचारलंत तर ‘हो, सगळ्या’ हेच उत्तर येणार. कार्ड मागा. कार्ड गावाला राहिलं असेल तर असं विचारा: ‘नवव्या महिन्यात उजव्या दंडात टोचलं होतं का? तेव्हा चमच्याने पिवळं औषध पाजलं होतं का?’ गोवर-रुबेलाची पहिली लस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस एकाच वेळी दिला जातो, आणि आयांना टोचलेलं आठवलं नाही तरी पाजलेलं आठवतं. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत. कामासाठी गाव बदलणाऱ्या कुटुंबांत, ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम, हाच दुसरा डोस हमखास राहतो.

शेवटचा प्रश्न: ‘घरात, शेजारी, अंगणवाडीत असं आणखी कुणाला झालंय का? गेल्या तीन आठवड्यांत लग्नाला, जत्रेला, कुठे गेला होतात?’ २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण सापडले. अशा वेळी ‘कुठून आलात’ या एका प्रश्नाच्या उत्तरावरच खाट ठरते.

हा प्रश्न विचारताना आवाज सांभाळा. अजूनही पुष्कळ घरांत गोवर-कांजिण्या म्हणजे ‘आई आली’, ‘बाय आली’. सुई टोचायची नाही, आंघोळ घालायची नाही, उशाशी कडुलिंबाचा पाला. म्हणून मूल उशिरा येतं, आणि पुरळ असूनही आई ते सांगत नाही. तुम्ही तोंड वाकडं केलंत की ती आणखी लपवणार. पाला राहू दे उशाशी, तो औषधाच्या आड येत नाही. मी म्हणते, ‘ताई, देवीचं तुम्ही करा, पाण्याचं आणि औषधाचं मी बघते.’ मग बरंच काही बाहेर येतं.

पायरी दुसरी: कुणाला कुठली खाट

रोग तीन वाटांनी पसरतो: हवेतून, थेंबांतून, हातांतून. चौथी वाट डासांची. कुठला रोग कुठल्या वाटेचा हे कळलं की खाट आपोआप सुचते.

हवेतून जाणारे तीन लक्षात ठेवा: गोवर, कांजिण्या आणि फुफ्फुसाचा टीबी. यांना वेगळी खोली, दार बंद, खिडकी उघडी, आत जाताना एन-९५. खोली नसेल तर वॉर्डाच्या अगदी टोकाची खिडकीजवळची खाट. पण कुठलं टोक? वाऱ्याच्या दिशेचं. गॉजची एक पट्टी खिडकीत धरा आणि बघा ती आत उडते की बाहेर. वारा जिथून बाहेर जातो तिथे हे मूल ठेवायचं, म्हणजे त्याचा श्वास बाकीच्यांवरून फिरत नाही. छताचा पंखा सगळी हवा सगळ्यांना वाटतो, त्या खाटेवरचा बंद ठेवा. मुलाला एक्स-रेला न्यायचं असेल तर आधी फोन करा आणि तोंडाला मास्क लावून थेट आत न्या. ओपीडीच्या रांगेत गोवराचं मूल अर्धा तास बसवलं तर आपल्या वॉर्डातली सगळी धडपड पाण्यात.

टीबीबाबत एक उलटी गोष्ट. लहान मुलाच्या टीबीत जंतू कमी असतात, त्याला ताकदीने खोकून ते बाहेर टाकता येत नाहीत. त्यामुळे पाच वर्षांचं मूल सहसा कुणाला टीबी देत नाही. पण ते कुणाकडून तरी आलंय, आणि तो ‘कुणीतरी’ बहुधा त्याच्याच खाटेवर बसलेला असतो. आई, बाबा, आजोबा. टीबीचं मूल दाखल झालं की पहिला प्रश्न मुलाबद्दल नको: ‘आजोबा, तुम्हाला खोकला किती दिवस?’ दोन आठवड्यांच्या वर असेल तर त्यांना मास्क लावा, बेडका तपासायला पाठवा, आणि सोबतीला दुसऱ्या कुणाला बोलवा.

थेंबांतून जाणारे म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, गालगुंड, फ्लू. इथे दोन खाटांत किमान एक मीटर अंतर आणि आपल्या तोंडाला साधा सर्जिकल मास्क. डांग्या खोकल्याचं मूल योग्य अँटिबायोटिकचे पाच दिवस होईपर्यंत वेगळंच ठेवायचं. लहान बाळांत तो ‘हूप’ आवाज ऐकू येत नाही, बाळ खोकता खोकता निळं पडतं किंवा श्वासच थांबवतं. हे बाळ दाराजवळ, तुमच्या टेबलावरून दिसेल असं ठेवा. वेगळं ठेवणं म्हणजे नजरेआड ठेवणं नव्हे. कोपऱ्यातल्या मुलाकडे कोणी फिरकत नाही, हा आपल्या धंद्यातला जुना दोष आहे.

हातांतून जाणाऱ्यांची यादी मोठी: जुलाब, खरूज, हँड-फूट-माउथ, आणि पावसाळ्यापासून थंडीपर्यंत वॉर्ड भरून टाकणारा छोट्या बाळांचा ब्राँकिओलायटिस, म्हणजे बारीक श्वासनलिकांची सूज. त्याचा विषाणू, आरएसव्ही, खाटेच्या दांडीवर काही तास तग धरतो. या मुलांना एका ओळीत ठेवा, जुलाबवाले जुलाबवाल्यांच्या शेजारी, आणि त्यांच्या ओळीला शक्यतो एकच सिस्टर.

डेंग्यू, मलेरियाचं मूल शेजारच्याला काही देत नाही, डास देतो. त्याला मच्छरदाणी द्या, आणि दिवसासुद्धा, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. वॉर्डातल्या कूलरचं, फ्रिजमागच्या ट्रेचं, हात धुण्याच्या बेसिनखालच्या बादलीचं पाणी आठवड्यातून एकदा ओतून कोरडं करा. गावोगाव ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणून आपण फलक लावतो, आणि अळ्या आपल्याच कूलरमध्ये.

एका खाटेवर दोन मुलं घालायचीच वेळ आली तर निदान जोडी नीट लावा. आणि काही मुलांच्या शेजारी कुठलंच तापाचं मूल नको: रक्ताच्या कर्करोगाचं, नेफ्रोटिक (मूत्रपिंडाचा आजार) म्हणून स्टिरॉइड चालू असलेलं, अतिकुपोषित. स्टिरॉइडवरच्या मुलाला कांजिण्या झाल्या तर त्या जीवघेण्या ठरू शकतात. वॉर्डात शिरल्यावर ही मुलं कुठल्या खाटांवर आहेत ते आधी बघून ठेवा, मग नवीन मुलाला खाट द्या.

पायरी तिसरी: हात

हात धुण्याची सहा पावलं भिंतीवर चिकटवलेली असतात, ती वाचा. अल्कोहोल रबने वीस ते तीस सेकंद, साबण-पाण्याने चाळीस ते साठ. मी दोनच गोष्टी सांगते. जुलाबाच्या मुलाकडून आलात, किंवा हाताला काही दिसतंय, तर रब चालणार नाही, साबण-पाणीच. आणि हात धुतल्यानंतर काय करता त्याकडे लक्ष द्या. बघा एकदा स्वतःला: हात छान धुतले, मग नळ त्याच हाताने बंद केला, खिशातून मोबाइल काढून वेळ बघितली, कानामागची बट सारखी केली, आणि बाळाच्या कॅन्युलाला, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीला, हात लावला. नळ कोपराने बंद करा. मोबाइल ड्रॉवरमध्ये. बांगड्या, अंगठी, घड्याळ, मनगटाचा लाल धागा, सगळं ड्यूटीआधी उतरवायचं. मंगळसूत्र आत खोचा, बाळावर वाकलात की ते लोंबतं.

हातमोजे हात धुण्याला पर्याय नाहीत. एकच जोड घालून सहा खाटा फिरणारी सिस्टर मी पाहिली आहे. तिचे हात स्वच्छ राहिले, मुलांचं काय झालं ते विचारू नका.

स्टेथोस्कोप, थर्मामीटर, बीपीचा छोटा कफ, ऑक्सिजन मोजायचा चिमटा, हे सगळे दर मुलानंतर स्पिरिटच्या किंवा रुग्णालयाने ठरवून दिलेल्या वाइपने पुसा. डॉक्टरांचा स्टेथोस्कोपसुद्धा. राऊंडला कापूस पुढे करा, निमूट पुसतात.

पायरी चौथी: सलाईनची बाटली आणि ऑक्सिजनचं पाणी

बाहेरून आलेला संसर्ग आणि आपण दिलेला संसर्ग यात दुसरा मला जास्त लाज आणतो. तो कुठून येतो हे बघायचं असेल तर सकाळी दहा वाजता औषधांच्या ट्रॉलीकडे बघा. शंभर मिलीची सलाईनची बाटली, तिच्या बुचात कायमची खुपसून ठेवलेली सुई, आणि जो येईल तो त्यातून फ्लशसाठी, म्हणजे कॅन्युला मोकळी ठेवायला, दोन मिली ओढतोय. ती सुई म्हणजे जंतूंसाठी उघडं दार. सकाळी उघडलेली बाटली रात्रीपर्यंत पंधरा बाळांच्या शिरेत जाते. फ्लशला दर वेळी नवी छोटी अँप्युल. नसेल तर इन्चार्ज सिस्टरकडे मागा, लेखी मागा.

कॅन्युला लावताना कातडी पुसून झाली की ती वाळू द्या. फुंकर मारायची नाही, हाताने वारा घालायचा नाही. पुसलेल्या जागी पुन्हा बोटाने शीर चाचपायची नाही. पट्टीवर तारीख-वेळ लिहा. औषध देण्याआधी कॅन्युलाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पंधरा सेकंद घासा. घासा म्हटलं, टेकवा नाही. दर शिफ्टला जागा बघा: लाल, सुजलेली, दुखरी असेल तर काढा, चालू असलेलं औषध संपेपर्यंत थांबू नका. आणि ज्या मुलाला तोंडाने औषध चालू झालं त्याची कॅन्युला ‘असू दे, लागली तर’ म्हणून ठेवू नका.

ऑक्सिजनच्या बाटलीत नळाचं पाणी कधीच नको. निर्जंतुक पाणी, रोज बदलायचं, बाटली रोज धुऊन वाळवायची, वरून भर घालायची नाही. नेब्युलायझरचा मास्क प्रत्येक मुलाचा स्वतःचा, नाव लिहिलेल्या पिशवीत. मी बऱ्याच वॉर्डांत एकच मास्क खाटेखाटेने फिरताना पाहिला आहे, आणि मग आपणच म्हणतो, ‘या मोसमात सगळीच मुलं खोकतात.’

ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) सांगितलं असेल तर ते अँटिबायोटिकच्या आधी. पहिला डोस देऊन मग रक्त काढलंत तर रिपोर्ट ‘वाढ नाही’ येण्याची शक्यताच जास्त, आणि बाळ त्या अँटिबायोटिकवर आठवडाभर चाचपडत राहतं.

नवजात कक्षात तर याच चुका दुप्पट महाग पडतात. तिथे शिरताना कोपरापर्यंत पूर्ण दोन मिनिटं हात धुवा. दुधाची बाटली आणि निपल आत येऊ देऊ नका. वाटी-चमचा किंवा पलाडई (दूध पाजायची चोचीची छोटी वाटी), दर वेळी उकळलेली. आईच्या छातीवर उघडं बाळ ठेवणं, म्हणजे कांगारू पद्धत, याने कमी वजनाच्या बाळांतला जंतुसंसर्ग कमी होतो. आईला बाहेर ठेवून संसर्ग टळतो ही जुनी समजूत सोडा.

पायरी पाचवी: आई, आजी आणि डबा आणणारे मामा

मोठ्यांच्या वॉर्डात नातेवाईक वेळेवर येतात आणि जातात. इथे आई चोवीस तास राहते, मुलाची शी काढते, त्याच हाताने शेजारणीच्या बाळाला उचलते, बिस्किट वाटते. वॉर्डात तुमच्यापेक्षा तिचे हात जास्त खाटांना लागतात. म्हणून तिला पहिल्या तासात, ओरडायची वेळ येण्याआधी, चार गोष्टी सांगा: शी काढल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात, दुसऱ्याचं मूल घ्यायचं नाही, डायपर कुठल्या बादलीत, आणि तिला स्वतःला ताप-खोकला झाला तर लपवायचं नाही. नुसतं ‘इन्फेक्शन होईल’ म्हटलं तर कुणी ऐकत नाही. ‘ताई, तुमच्या बाळाचे जुलाब कालपासून थांबलेत, शेजारच्याचे चालू आहेत. त्याला हात लावून आपल्याला भरवलंत तर पुन्हा पहिल्यापासून’ असं म्हटलं की ऐकतात.

भेटायला येणाऱ्यांत लहान भावंडं नकोत. ती संसर्ग घेऊनही येतात आणि घेऊनही जातात. काळा दोरा, ताईत कापायला सांगू नका, सलाईनच्या हाताचा दुसऱ्या हाताला बांधा म्हणा. बाळाच्या डोळ्यांत काजळ मात्र नको म्हणून स्पष्ट सांगा. कापडी अस्वलं घरी. प्लास्टिकची खेळणी चालतील, रोज धुतली तर.

सफाई: मावशींच्या बरोबरीने

पातळ केलेलं हायपोक्लोराइट हे काम मावशींवर सोडून दिलं जातं आणि प्रमाण अंदाजाने पडतं. कॅनवर टक्के लिहिलेले असतात ते वाचा. ५ टक्क्यांचं असेल तर १ टक्का करायला एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी, म्हणजे २०० मिलीत ८०० मिली पाणी. १० टक्क्यांचं असेल तर १०० मिलीत ९००. रोज ताजं करायचं, झाकून ठेवायचं. कालचं आज कमजोर होतं. आधी साबणाने घाण काढा, मग हे लावा, कारण घाणीवर ते फुकट जातं. रक्त सांडलं तर हातमोजे घालून वर कापड टाका, त्यावर १ टक्क्याचं द्रावण ओता, दहा मिनिटं राहू द्या, मग उचला. संडासच्या ॲसिडमध्ये हे कधीही मिसळू देऊ नका, विषारी वायू निघतो. मावशींना हे एकदा समजावून सांगितलंत की त्या दुसऱ्यांना सांगतात.

पुसायचं ते कमी घाण जागेकडून जास्त घाण जागेकडे, आणि ज्या जागांना हात लागतात त्या जास्त वेळा: खाटेची दांडी, लॉकर, दाराची मूठ, ऑक्सिजनची कळ. गादीचं रेक्झिन फाटलेलं असेल तर वरून कितीही पुसा, आत ओल राहते. ती गादी बदलून घ्या.

कचऱ्याचे रंग पाठ करा: रक्त-पू लागलेला कापूस, गॉज पिवळ्यात, सलाईनचे सेट, हातमोजे, सुईशिवायची सिरिंज लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या व्हायल-अँप्युल निळ्यात. सुईला झाकण परत लावायचं नाही.

तरीही निसटलं तर

मधल्या रांगेतल्या मुलाला पुरळ आलं. घाबरून त्याला ताबडतोब दुसऱ्या वॉर्डात हलवलंत तर दोन वॉर्ड अडकतात. आधी डॉक्टरांना कळवा, मग कागद घ्या. त्या मुलाबरोबर गेल्या चार-पाच दिवसांत वॉर्डात कोण होतं, कुणाला डिस्चार्ज मिळाला, सोबत कोण भावंड होतं, ड्यूटीवर कोण होतं: नाव, वय, लस, फोन. गोवराचा संपर्क झालेल्या, लस न घेतलेल्या मुलाला ७२ तासांच्या आत लस दिली तर रोग टळू शकतो. फार लहान आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचा, म्हणजे तयार प्रतिपिंडं टोचण्याचा, मार्ग असतो. हे डॉक्टर ठरवतील, पण घड्याळ तुमच्या यादीपासून चालू होतं. म्हणून यादी त्याच शिफ्टला. कांजिण्यांच्या संपर्कातलं मूल वॉर्डात राहणारच असेल तर त्याला संपर्काच्या आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत वेगळं ठेवायचं.

गोवराच्या प्रत्येक मुलाला अ जीवनसत्त्वाचे दोन डोस, आज आणि उद्या: सहा महिन्यांखाली ५०,००० युनिट, सहा ते अकरा महिने १ लाख, वर्षापुढे २ लाख. पहिला डोस होतो, दुसरा शिफ्ट बदलताना राहतो. ट्रीटमेंट शीटवर दोन्ही तारखा आत्ताच लिहून ठेवा.

कळवायचं काय काय? ताप आणि पुरळ, घटसर्प, डांग्या खोकला, टीबी हे सगळं. आणि पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला अचानक आलेला लुळेपणा. भारतात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, पण लुळेपणाची नोंद त्यानंतरही थांबलेली नाही, आणि त्यामुळेच हा पोलिओ नाही असं छातीठोक म्हणता येतं. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गियाँ-बारेची (नसांवर परिणाम होऊन लुळेपणा आणणाऱ्या आजाराची) साथ आली तेव्हा त्यात मुलंही होती. गियाँ-बारेचं निदान पक्कं असलं तरी पंधरा वर्षांखालचं मूल या नोंदीत येतंच. शीचे दोन नमुने, चोवीस तासांच्या अंतराने, लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत. मूल दाखल झालं त्याच दिवशी डबी आईच्या हातात द्या.

तुमचं स्वतःचं

रुजू होताना हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का ते बघा. गोवर-रुबेला आणि कांजिण्या झाल्यात किंवा लस घेतली आहे का, आईला फोन करून विचारा. या दोन्ही जिवंत लसी, गरोदरपणात देत नाहीत, म्हणून लग्नाआधी किंवा मूल ठरवण्याआधी घ्या. दिवस गेले असतील तर इन्चार्जना लवकर सांगा, तिसऱ्या महिन्याची वाट पाहत लपवू नका. कांजिण्यांच्या, रुबेलाच्या मुलाची ड्यूटी तुम्हाला नको.

सुई टोचली तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबण-पाण्याने धुवा आणि त्याच वेळी कळवा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. ‘ड्यूटी संपल्यावर बघू’ म्हणणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, कारण आपलीच चूक म्हणून बोलणी बसतील ही भीती. बसली तर बसू द्यात, औषध चालू करा.

राहिली ओव्हर. ‘ताप चालू, बाकी ठीक’ ही ओव्हर मी दिली होती. आता माझ्या वॉर्डात ओव्हर अशी लागते: ‘खाट सात. दीड वर्षाचा मुलगा. ताप तिसरा दिवस, खोकला, डोळे लाल, पुरळ अजून नाही. एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) एकही डोस नाही, बारा दिवसांपूर्वी लग्नाला गेले होते. गोवराचा संशय, म्हणून खिडकीकडे घेतलाय, पंखा बंद आहे, तो चालू करू नका. शेजारची खाट रिकामी ठेवलीय. आठ वाजता उजेडात कानामागे बघा.’